रिपोर्ट नॉर्मल आले, आता पुढे?

आठवीतल्या मुलीचं पोट रोज सकाळी साडेसहाला दुखायला लागतं आणि अकराच्या सुमारास थांबतं. रविवारी दुखत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत एकदाही दुखलं नाही. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली, जंताचं औषध देऊन झालं. रिपोर्ट परत देताना बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "एकदा सायकॉलॉजिस्टला दाखवा." या वाक्यानंतर घरात जो वाद पेटतो, तो मी इतक्या घरांत ऐकला आहे की त्यातल्या दोन बाजू समोरासमोर बसवून लिहावं असं वाटलं. पुढची माणसं कल्पनेतली आहेत, मुद्दे खरे आहेत. अण्णा साताऱ्याकडच्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, संस्कृतचे शिक्षक. वंदना त्यांची मुलगी, पुण्यातल्या शाळेत समुपदेशक. चिऊ ही अण्णांची नात, वंदनाची भाची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत जेमतेम आठवडाभर गेली असेल.

अण्णांना जुन्या वळणाचे म्हणून कुणी बाजूला सारू नये. त्यांच्या काही शंका अजूनही निरुत्तर करणाऱ्या आहेत.

अण्णा: थेरपी सुरू करा म्हणतेस. आधी मला सांग, पोरीला झालंय काय? वर्गात धडा वाचताना अडखळली, पोरं हसली. एवढंच ना? माझ्या नोकरीत अशी कितीतरी पोरं पाहिली. अडखळणाऱ्याला मी रोज उभं करायचो, रोज चार ओळी वाचायला लावायचो. महिन्याभरात भीड चेपायची.

वंदना: चेपायची, खरंय. आणि आजचे उपचारही त्याच तत्त्वावर चालतात. ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं, पुन्हा पुन्हा सामोरं जायचं. पण अण्णा, तुमच्या हिशेबात फक्त टिकलेली पोरं आहेत. दोन दिवस उभं राहिला आणि तिसऱ्या दिवसापासून आलाच नाही, असा कुणी नव्हता का?

अण्णा: होते ना. पण ती गरिबीनं गेली. कुणी शेतात गेलं, कुणी गुरं राखायला.

वंदना: सगळी?

अण्णा: ते आता कसं सांगू.

"आमच्या वेळी कुठे होते काउन्सेलर, आम्ही नाही का मोठे झालो?" हा प्रश्न विचारणारा नेहमी मोठा झालेलाच असतो. शाळेच्या पटावरून नाव कमी झालेली मुलं हा प्रश्न विचारायला येत नाहीत. त्यामुळे जुन्या पद्धतीला यश किती आलं, याचा हिशेब कुणाकडेच नाही. नव्या पद्धतीचा थोडाफार आहे. तो वंदनाच्या तोंडून पुढे येईल, आणि तोही पूर्ण समाधानकारक नाही.

अण्णा: बरं, मग तुमचा तो थेरपिस्ट वेगळं काय करणार? गप्पाच मारणार ना? गप्पा मी मारतो.

वंदना: आधी तो शोधणार. पहिल्या भेटीत दादा-वहिनीला बसवून चिऊच्या जन्मापासूनचं विचारेल. बोलायला कधी लागली, झोप कशी आहे, जेवण कसं आहे, घरात कुणाला असा त्रास होता का, शाळा बदलली का. मग तिच्याशी एकटीशी बोलेल. कारण आपल्याला अजून हेच माहीत नाही की तिला वाचायची भीती वाटते, की तिला नीट वाचताच येत नाही. अक्षरं उलटसुलट होत असतील, अध्ययन अक्षमता असेल, तर नुसतं धीर देऊन काही होणार नाही. ते वेगळं तपासावं लागतं, वेगळं शिकवावं लागतं. दहावीच्या बोर्डात त्या मुलांना जादा वेळ मिळतो, पण आधी निदान व्हायला हवं. आणि व्हॅनमध्ये किंवा वर्गात कुणी तिला खरोखरच त्रास देत असेल, तर उपचार चिऊवर कशाला? तिथे आधी त्या माणसाचा बंदोबस्त.

अण्णा: हे मात्र पटलं. व्हॅनचं मी विचारलंच नव्हतं.

वंदना: आणि भीतीच आहे असं ठरलं, तर एक यादी करतात. कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत. नुसता गणवेश घालून फाटकापर्यंत जाऊन परत यायचं, याला ती दहापैकी दोन गुण देईल. ग्रंथालयात एक तास बसायचं, चार. मधल्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर डबा खायचा, पाच. वर्गात मागच्या बाकावर दोन तास, सात. उभं राहून वाचायचं, दहा. खालून सुरू करायचं आणि एक पायरी नीट जमल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. यादी तिची, गुण तिचे. तुम्ही एकदम दहाला उभं करत होता. एवढाच फरक.

"एवढाच" म्हणताना वंदना थोडं कमी सांगते आहे. यादी मुलीच्या हातची असणं हा मोठा फरक आहे. वडीलधाऱ्यांनी ठरवलेली पायरी आणि आपण कबूल केलेली पायरी, दोन्हींत पाय सारखेच थरथरतात. पण दुसऱ्या पायरीवरून मागे फिरायची मुभा आहे हे मुलीला ठाऊक असतं. ती मुभा असल्यामुळेच बरीच मुलं पुढे जातात.

अण्णा: माझी खरी धास्ती वेगळी आहे. तिला आपण "तुला काहीतरी झालंय" असं सांगायचं. तेरा वर्षांची पोर. मनात घेऊन बसेल. हल्ली बघतो, पोरं साध्या काळजीला एन्झायटी म्हणतात, मार्क कमी पडले की डिप्रेशन म्हणतात. दुःख झालं की आजार झाला, असं शिकवायचं का आपण?

वंदना: नाही शिकवायचं. तुमची ही धास्ती मी उडवून लावणार नाही. ब्रिटनमध्ये पंच्याऐंशी शाळांत, अकरा ते चौदा वर्षांच्या आठ हजारांहून जास्त मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. सरसकट सगळ्या वर्गाला मन शांत ठेवण्याचे, माइंडफुलनेसचे धडे शिकवले. २०२२ साली निकाल आले. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काहीही जास्त फायदा दिसला नाही. म्हणून सगळ्याच मुलांना थेरपी द्या, असं मी कधीच म्हणणार नाही.

अण्णा: मग चिऊला का?

वंदना: कारण तिचं रोजचं आयुष्य थांबलंय. कुणाला न्यायचं आणि कुणाला नाही, याची माझी कसोटी एवढीच आहे. मूल दुःखी आहे का हे मी आधी विचारत नाही. झोप, जेवण, शाळा, मैत्रिणी, खेळ यातलं काय बंद पडलंय, आणि किती दिवस, हे विचारते. परीक्षेआधी आठवडाभर पोट दुखलं, जाऊ द्या. मैत्रिणीशी भांडण झालं, दोन दिवस रडली, रडू द्या. पण शाळा सुटून महिने झाले, तर थांबायचं नाही. आणि मरणाचं बोलली, हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या, जेवण तोडलं, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहायची नाही. थेट मानसोपचारतज्ज्ञ.

अण्णा: थांबलं तर बिघडतं काय? वय वाढेल, समज येईल.

वंदना: काही गोष्टींत येते. इथे उलटं होतं. सकाळी पोट दुखतं, आपण म्हणतो राहू दे आज, आणि त्याच क्षणी तिला बरं वाटतं. म्हणजे घरी राहणं हेच औषध, असं तिचं शरीर शिकतं. दुसऱ्या दिवशी दुखणं जरा जोरात येतं. शिवाय रोज अभ्यास बुडतो, मैत्रिणींचे ग्रुप बदलतात, "कुठे होतीस?" या प्रश्नाचं ओझं वाढतं. दोन महिन्यांपूर्वी तिला एका धड्याची भीती होती, आज अख्ख्या शाळेची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयातल्या सातांपैकी एका मुलाला मानसिक विकाराचा त्रास असतो. आपल्याकडे निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळलं. त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आकडा कुठलाही धरा, चाळीसच्या वर्गात किमान दोन-तीन मुलं निघतात. ती बहुतेक वेळा गोंधळ घालत नाहीत, म्हणून शिक्षकांच्या नजरेत येत नाहीत. पोटदुखीवाली मुलगी तर घरीच असते.

अण्णा: गुण येतो का पण? छातीवर हात ठेवून सांग.

वंदना: छातीवर हात ठेवून म्हणाल तर सगळ्यांना येत नाही. अमेरिकेत २००८ साली चिंताविकार असलेल्या ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर अभ्यास झाला. मी सांगितली तशा थेरपीने बारा आठवड्यांत साठ टक्के मुलं लक्षणीय सुधारली. नुसत्या गोळ्यांनी पंचावन्न टक्के. दोन्ही मिळून एक्क्याऐंशी. आणि खोटी गोळी दिलेल्यांत चोवीस.

अण्णा: म्हणजे थेरपी घेऊन शंभरातली चाळीस तशीच राहिली. आणि चोवीस काही न करता बरी झाली.

वंदना: हो. आणि ती चोवीस म्हणजे तुमची "वय वाढेल, समज येईल" वाली मुलं. चिऊ चोवीसांत निघेल अशी आशा धरून बसायचं, की साठांत, एवढाच प्रश्न आहे.

अण्णा यावर बराच वेळ बोलले नाहीत. आकड्यांनी माणूस गप्प होतो, पटलेलं असतंच असं नाही. पुढे त्यांनी जो मुद्दा काढला तो त्यांच्या स्वतःच्या विषयातला होता. या सगळ्या वादात मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

अण्णा: चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितलेत. वैद्य, औषध, रोगी आणि उपस्थाता. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याचं करणारा माणूस. एक पाद जरी लंगडा असला तरी चिकित्सा उभी राहत नाही. तुम्ही लोक पोरीला उचलून वैद्यापुढे नेऊन बसवता, तासाचे पैसे भरता, आणि बाहेर मोबाइल बघत बसता. चौथ्या पादाचं काय?

वंदना: अण्णा, हेच मी दादाला फोनवर सांगत होते. मला चरक आठवला नाही, एवढंच. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी १२४ चिंताग्रस्त मुलांवर एक प्रयोग केला. अर्ध्या मुलांना नेहमीची थेरपी दिली. उरलेल्या मुलांना थेरपिस्ट भेटलेच नाहीत, फक्त आईवडिलांना भेटले. मुलाच्या भीतीभोवती आपण घर कसं वाकवून घेतो हे त्यांना दाखवलं आणि ते हळूहळू कमी करायला शिकवलं. दोन्हीकडे सारखाच गुण आला.

अण्णा: घर वाकवतो म्हणजे?

वंदना: वहिनी गेले दोन महिने चिऊच्या खोलीत झोपते. दादा रोज सातला वर्गशिक्षिकांना मेसेज करतो, "आज बरं नाही." आणि अकरा वाजता, दुखायचं थांबलं की, तुम्ही बुद्धिबळाचा पट मांडता. समोर गरम पोहे असतात.

अण्णा: पोर दिवसभर एकटी भिंतीकडे बघत बसलेली मला बघवत नाही.

वंदना: कुणालाच बघवणार नाही. प्रेमानंच होतं हे सगळं. पण शाळेच्या वेळात घर हे शाळेपेक्षा इतकं सुखाचं झालं, तर ती का जाईल? पट संध्याकाळी पाचला मांडा. अकराला पोट थांबलं तर पुस्तकं उघडायची, टीव्ही-मोबाइल बंद. शिक्षा म्हणून नाही, शाळेची वेळ आहे म्हणून. आणि सकाळी तिनं पोट धरलं की "नाटकं करू नकोस" म्हणायचं नाही, "राहू दे गं" असंही म्हणायचं नाही.

अण्णा: मग म्हणायचं काय? तोंडात मिठाची गुळणी धरून बसू?

वंदना: म्हणायचं, "चिऊ, तुला खरंच दुखतंय, भीती वाटतेय, मला दिसतंय. आणि तुला हे झेपेल, याची मला खात्री आहे." दोन्ही वाक्यं एका दमात. पहिलं नसेल तर तिला वाटतं आपण तिला खोटारडी समजतो. दुसरं नसेल तर तिला वाटतं यांचासुद्धा माझ्यावर विश्वास नाही.

मुलाची थेरपी सुरू करणं म्हणजे मूल दुरुस्तीला टाकणं नव्हे, हे मला वाचकांना या लेखातून सांगायचं आहे. आठवड्यातला पाऊण तास थेरपिस्टचा, बाकीचा सगळा वेळ घराचा. त्या वेळात घर जसं होतं तसंच राहिलं, तर पाऊण तासाला काय ताकद उरणार? ज्या घरात आईवडील, आजी-आजोबा आपापला वाटा बदलायला तयार होतात, तिथे मूल थेरपिस्टशी पहिले काही आठवडे एक शब्द बोललं नाही तरी फरक पडायला सुरुवात होते. म्हणून थेरपी सुरू करायची का, याच्या आधी घरानं ठरवावं की आपल्यापैकी कोण काय बदलणार.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचं जुळलं नाही.

अण्णा: बंद खोलीत परका माणूस आपल्या पोरीशी काय बोलला, हे आपल्याला विचारायचं नाही म्हणे. हे मला मान्य नाही. घरातल्या गोष्टी बाहेर जाणार, आणि बाहेरच्या गोष्टी घरात कळणार नाहीत.

वंदना: शब्द न् शब्द कळणार नाही. कुठल्या दिशेनं काम चाललंय, घरात काय बदलायचं, हे कळत राहील. तिच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर लगेच सांगतील. लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे, तिथे गुपित नाही. बाकीचं तिचं तिच्याजवळ राहू दे. ती बोललेलं प्रत्येक वाक्य रात्री जेवताना पानावर येणार असेल, तर ती कशाला बोलेल?

अण्णा: बाप आहे तो तिचा.

वंदना: म्हणूनच काही गोष्टी ती त्याला सांगू शकत नाही.

अण्णांना हे अखेरपर्यंत पटलं नाही, आणि त्यांनी पटवून घ्यावं असा माझा आग्रहही नाही. पण माझं मत वंदनाच्या बाजूचं आहे. तेरा वर्षांच्या मुलीला घराबाहेर एक विश्वासाचं मोठं माणूस असणं नवीन नाही. पूर्वी ती जागा मावशी, शेजारची काकू, एखाद्या आवडत्या बाई भरून काढत. त्या काय बोलणं झालं ते आईला कुठे सांगत?

उलट पुढच्या मुद्द्यावर अण्णांनी धरलेला आग्रह प्रत्येक पालकानं धरावा.

अण्णा: माणूस खरा कसा ओळखायचा? आमच्या गल्लीत एकानं ऑनलाइन कोर्स करून "लाइफ कोच व काउन्सेलर" अशी पाटी लावलीय. कालपर्यंत विमा विकत होता.

वंदना: याला मी काय उत्तर देऊ? काउन्सेलरची पाटी लावण्यावर आपल्याकडे अजून नीट अंकुश नाही. म्हणून विचारायचं, स्पष्ट विचारायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक मागायचा. मुलांबरोबर काम केलंय का, किती? शाळा टाळणाऱ्या मुलांचा अनुभव आहे का? पद्धत कुठली? आम्हाला काय करावं लागेल? या प्रश्नांवर जो चिडेल, त्याच्याकडे जायचं नाही. पहिल्याच भेटीत "शंभर टक्के बरी करतो" म्हणेल, त्याच्याकडे तर नाहीच. आणि गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. हा फरक घरातल्या सगळ्यांना माहीत हवा.

अण्णा: शाळेत तूसुद्धा समुपदेशकच. चिऊच्या शाळेत कुणी नाही?

वंदना: नाही. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. पण असता तरी त्याचं काम वेगळं. मी शाळेत मुलांना ओळखते, पालकांशी बोलते, शिक्षकांना समजावते, योग्य ठिकाणी पाठवते. शेकडो मुलांमागे मी एकटी. दर आठवड्याला एका मुलीबरोबर पाऊण तास मला शक्य नाही.

अण्णा: आणि पैसे?

वंदना: खासगीत शहरात एका भेटीला हजार-दीड हजार सहज जातात. नाही परवडलं तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे, तशा संस्था इतर शहरांतही आहेत. साताऱ्यात बसून मोबाइलवरूनही भेटी होतात. पण पहिल्या एक-दोन भेटी समोरासमोरच व्हाव्यात असं मी म्हणेन.

अण्णा: मग माझी एक अट. मुदत ठरवायची. आठ भेटी. त्यानंतर थेरपिस्टसमोर आपण बसायचं आणि विचारायचं, आता ती यादीतल्या कितव्या पायरीवर आहे? काहीच हललं नसेल तर माणूस बदलायचा नाहीतर पद्धत. वर्षानुवर्षं पैसे भरत बसायचं नाही.

वंदना: अट मान्य. चांगले थेरपिस्ट स्वतःच असं म्हणतात.

अण्णा: आणि तिला सांगणार कोण? फसवून न्यायचं नाही. भेळ खायला चल म्हणून दवाखान्यात नेऊन बसवायचं नाही. एकदा फसवलं की संपलं.

वंदना: तुम्ही सांगा. तुमचं ऐकते ती. एवढंच सांगा की पोट खरंच दुखतं, ती सोंग करत नाही, आणि भीतीमुळेही पोट दुखतं. अशा दुखण्याची माहिती असलेल्या एका ताईंकडे आपण जाणार आहोत. नाही आवडल्या तर दुसऱ्या बघू, पण तीन वेळा जाऊन मग ठरवायचं.

वाद इथे थांबला. माझ्यापुरता मी निर्णय दिला आहे. मुलाचं रोजचं आयुष्य काही आठवडे बंद पडलं असेल तर थेरपी सुरू करावी. ती डोळस माणसासारखी प्रश्न विचारून आणि मुदत घालून करावी, आणि पहिला बदल मोठ्यांनी आपल्यात करावा. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मूल बोलायला तयार नसेल तर आईवडिलांनी स्वतः फोन करून विचारावं.